बारा संगणक, एक पेनड्राइव्ह आणि तासाभराची लाईट



सध्या बऱ्याच शाळांना कंपन्यांकडून जुने संगणक भेट मिळतायत. यामागे एक तारीख आहे, १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवसापासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ अधिकृतपणे बसवायचं तर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे चांगले चालणारे, पण चौथ्या-पाचव्या पिढीचे हजारो संगणक ऑफिसांतून बाहेर निघाले. त्यातले काही भंगारात गेले, काही आपल्यासारख्यांच्या शाळेत आले. आमच्या शाळेत खोडाळ्याला बारा आले, पावसाळ्यात, ताडपत्री बांधलेल्या टेम्पोतून.

मुलांनी खोकी उघडली, टेबलं पुसली, वायरी जोडल्या. बटण दाबलं तर काळा पडदा आणि इंग्रजीत एक ओळ, बूट होण्यासारखं काही सापडत नाही. बाराच्या बारा तसेच. यात बिघाड काही नव्हता. कंपन्या संगणक बाहेर देताना त्यातली माहिती कुणाच्या हाती लागू नये म्हणून हार्डडिस्क पूर्ण पुसून देतात, आणि ते बरोबरच आहे. पण माहितीबरोबर ऑपरेटिंग सिस्टीमही पुसली जाते. मुलांना मी सांगितलं, घर बांधून झालंय, पण आत राहायला कुणी नाही. चूल पेटवणारं माणूस पाहिजे, तेव्हा घर चालू होतं.

आता हे माणूस बारा घरांत बसवायचं कसं?

एका काँप्युटरवाल्याला फोन केला. त्यानं मशीनमागे दर सांगितला, वर गाडीभाडं, आणि विंडोज ‘आमच्याकडचं’ टाकून देतो म्हणाला. ‘आमच्याकडचं’ म्हणजे काय हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मूल्यशिक्षणाच्या तासाला प्रामाणिकपणा शिकवायचा आणि शेजारच्या खोलीत चोरीची सिस्टीम चालवायची, हे मला जमणार नव्हतं. शिवाय दुसरी अडचण जास्त मोठी. उद्या यातलं एक मशीन बिघडलं तर पुन्हा त्याची वाट बघायची. खोडाळा मोखाडा तालुक्यात, कसाऱ्याहून घाट चढून यायचं. पावसात दरड आली की तो ‘उद्या येतो’ म्हणणार, आणि उद्या म्हणजे पुढचा महिना. संगणक झाकून ठेवलेली खोली तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलीय ते विचारत नाही. मी पाहिल्यात.

घाई करायला खरं कारण होतं. आमच्याकडं भाताची, नागली-वरईची कामं आटोपली आणि दिवाळी झाली की बरीच कुटुंबं भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर जातात. काही मुलं आजी-आजोबांकडं राहतात, काही आई-बापाबरोबर जातात. जाणाऱ्या मुलांच्या हाताला संगणक लागायचा असेल तर तो दिवाळीच्या आत सुरू व्हायला हवा. नाहीतर ती मुलं थेट पुढच्या पावसाळ्यात येणार.

मुद्दा लाईटचाही होता. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट सलग किती वेळ टिकेल याची खात्री नसते. शाळेच्या इन्व्हर्टरवर चार मशीन कशीबशी चालतात. पेनड्राइव्ह घेऊन एकेका मशीनजवळ बसायचं म्हटलं तर प्रत्येकी तास-पाऊण तास धरा. बारा मशीनला आठवडा गेला असता, तोही लाईटनं साथ दिली तर.

म्हणून नेटवर्कवरून एकाच वेळी सगळ्यांत सिस्टीम टाकायचं ठरवलं. ही गोष्ट नवी नाही. मोठ्या कंपन्यांत, कॉलेजच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं असंच करतात. पण प्राथमिक शाळेत कुणी केलेलं मी फारसं ऐकलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डीएड आहे, इंजिनियर नाही. जे मला जमलं ते तुम्हालाही जमेल.

आधी तत्त्व समजून घेऊ. संगणकात जिथं नेटवर्कची केबल खोचतो, त्या नेटवर्क कार्डातच एक छोटासा प्रोग्रॅम कंपनीनं भरून दिलेला असतो. हार्डडिस्क पूर्ण कोरी असली तरी तो जिवंत असतो. बटण दाबल्यावर तो केबलमधून हाक मारतो, ‘मी नवीन आहे, मला पत्ता कोण देईल?’ या पद्धतीचं नाव पीएक्सई, माहीतगार लोक त्याला ‘पिक्सी’ म्हणतात. इंटेलनं तिचा आराखडा केला, आणि आज वापरात असलेली २.१ ही आवृत्ती १९९९ सालची. म्हणजे ही सोय माझ्या वर्गातल्या मुलांच्या दुप्पट वयाची आहे, आणि जवळजवळ प्रत्येक ऑफिसच्या संगणकात गुपचूप पडून आहे.

हाक ऐकून नेटवर्कवरचा एक संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, उत्तर देतो. ‘हा घे पत्ता, आणि ही फाइल माझ्याकडून घे.’ मग कोरं मशीन ती छोटी फाइल उतरवतं. ही फाइल उतरवण्याची पद्धत टीएफटीपी. ती फार जुनी आणि फार साधी. मुळात ती ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवते आणि ‘मिळाला’ असं उत्तर येईपर्यंत थांबते. उत्तर आलं की पुढचा तुकडा. आपण पहिलीला श्रुतलेखन घालतो तसं. ‘कमळ... लिहिलं? हं, आता बदक.’ त्या छोट्या फाइलमुळे मशीनला थोडी अक्कल येते, आणि मग ते मोठा माल वेगानं ओढून घेतं.

हा भाग मी पाचवीच्या वर्गात आधी नाटक करून घेतला, आणि नंतरच केबल हातात दिली. तुम्हीही करून बघा, वीस मिनिटं लागतात. एक मुलगा तलाठी झाला, त्याच्याकडं क्रमांकांच्या चिठ्ठ्या. बाकीचे कोरे संगणक, डोळे मिटून. पहिली हाक, ‘मला पत्ता कोण देईल?’ दुसरी, तलाठ्याची, ‘हा क्रमांक चालेल का?’ तिसरी, ‘चालेल, हाच द्या.’ चौथी, ‘दिला, नोंद केली.’ पत्ता देण्याच्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात आणि तिच्यात खरोखरच या चार पायऱ्या आहेत. मुलांना नाव पाठ करायला लावलं नाही, पायऱ्या मात्र त्यांच्या तोंडात बसल्या.

एका मुलीनं लगेच विचारलं, “बाई, दोघांनी एकदम हाक मारली तर?” त्याचं उत्तर आहे. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच बारा अंक-अक्षरांचा एक क्रमांक येतो, मॅक ॲड्रेस, आणि तो हाकेबरोबर जातो. म्हणून तलाठी गोंधळत नाही. पण दुसरा प्रश्न ऐकून मी थांबलेच. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी बोलत नाही, तो लांबच्या पाड्यावरून चालत येतो. तो म्हणाला, “आमच्या पाड्यावरून हाक मारली तर इथं येत नाय. मधल्या टेकाडावर कोणी उभा पायजे.”

हे अगदी खरं आहे. अशी हाक आपल्या नेटवर्कच्या कुंपणापर्यंतच पोचते, राउटरच्या पलीकडं जात नाही. ती पलीकडं न्यायची असेल तर मध्ये एक निरोप्या ठेवावा लागतो, त्याला रिले म्हणतात. पुण्यात बसून खोडाळ्याच्या कोऱ्या मशीनला कुणी थेट सिस्टीम देऊ शकत नाही ते यामुळंच. या टेकडीवर कुणीतरी उभं असावं लागतं. ज्या मुलानं हे सांगितलं त्याला मी त्या दिवसापासून रिले म्हणते, आणि त्याला ते आवडतं.

आता प्रत्यक्ष काय केलं ते.

सिस्टीम निवडली डेबियन. ही लिनक्स आहे, फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि वाटायला मोकळी आहे. १९९३ साली इयन मर्डॉक या विद्यार्थ्यानं ती सुरू केली. मैत्रीण डेब्रा आणि स्वतःचं इयन अशी दोन नावं जोडून ‘डेबियन’ झालं, हे मुलांना फार गमतीचं वाटलं. आपल्या पुण्याच्या सी-डॅकनं केलेली ‘बॉस’ ही भारतीय सिस्टीमही डेबियनवरच उभी आहे. आमच्या मशीनला चार जीबी रॅम होती, तेवढ्यात एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप छान चालतो.

खोडाळ्याच्या नेटवर हे सगळं उतरवायचं म्हणजे परीक्षाच होती. म्हणून एक सीपीयू सतरंजीत गुंडाळला आणि शनिवारी एसटीनं नाशिकला भावाकडं नेला. कंडक्टरनं लगेजचं अर्धं तिकीट लावायचं की नाही यावर बराच विचार केला आणि शेवटी सोडून दिलं. तिथं चांगलं नेट होतं. डेबियन टाकलं, मराठी भाषा लावली, लिब्रेऑफिस, चित्रं काढायला टक्स पेंट, गणिताला टक्स मॅथ, लहान मुलांसाठी जीकाँप्री. टंकलेखनाला इनस्क्रिप्ट कळफलक. सोमवारी एक पूर्ण तयार मशीन घेऊन परत आले. आता या एकाची हुबेहूब नक्कल बाकी अकरांत उतरवायची.

त्यासाठी क्लोनझिला नावाचं साधन आहे, तेही फुकट. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रातल्या लोकांनी केलंय. ते पेनड्राइव्हवर बसतं. आधी त्यानं तयार मशीनची नक्कल काढून बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवली. दाबून-दुमडून ती साधारण साडेचार जीबी भरली. मग माझा लॅपटॉप त्याच पेनड्राइव्हवरून सुरू केला आणि त्यात ‘लाइट सर्व्हर’ हा पर्याय निवडला. या पर्यायात लॅपटॉप स्वतःच तलाठी होतो, पत्ते देतो, फाइल देतो आणि नक्कल वाटतो. वेगळा सर्व्हर विकत घ्यावा लागत नाही. एवढी एक ओळ तुम्ही लक्षात ठेवलीत तरी हा लेख लिहिल्याचं सार्थक.

मध्ये सोळा तोंडांचा एक साधा स्विच. केबल आम्हीच कापल्या आणि टोकं दाबली. केबलमध्ये आठ तारा असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मुलांनी त्याला चाल लावली आणि दोन दिवस मधल्या सुट्टीत तेच गाणं ऐकावं लागलं. शाळेचा वायफायचा डबा स्विचला जोडायचा नाही, हे मात्र कटाक्षानं पाळा. तोही पत्ते वाटतो. एका गावाला दोन तलाठी झाले तर कुणाचा सातबारा खरा?

मग प्रत्येक मशीन सुरू करताना एफ १२ दाबून ‘नेटवर्क’ निवडायचं. काहींमध्ये हा पर्याय बंद ठेवलेला असतो, तो सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. दोन मशीन असे निघाले की चालू केलेलं दुसऱ्या दिवशी विसरायचे, तारीखही भलतीच दाखवायचे. आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली. सीआर २०३२ तिचं नाव, बाजाराच्या दिवशी घड्याळवाल्याकडं मिळाली.

आता मुख्य गंमत. अकरा मशीनला नक्कल वाटायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे प्रत्येकाला वेगळी द्यायची. आमच्या स्विचचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट. ८ बिटांचा १ बाइट, म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. हा भागाकार मी मुलांना फळ्यावर करायला दिला. ४,५०० भागिले १२.५ म्हणजे ३६० सेकंद, म्हणजे ६ मिनिटं. ही झाली एकाची. अकरांना वेगवेगळं दिलं तर ६६ मिनिटं, तीही कागदावर, प्रत्यक्षात जास्तच. दुसरी पद्धत मल्टिकास्ट. लॅपटॉप एकदाच वाचतो आणि सगळे एकदम ऐकतात. मग एक मशीन असो की अकरा, वेळ जवळजवळ तेवढाच. सहा मिनिटांच्या जागी आपण दहा-बारा धरू. जिथं लाईटचा भरवसा नाही तिथं सहासष्ट आणि बारा यांतला फरक म्हणजे काम होणं आणि न होणं यांतला फरक.

हीच कल्पना आपल्या महाराष्ट्राच्या जवळून एकदा गेलेली आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाडा या एकशिक्षकी शाळेत मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पातला तो भारतातला पहिला प्रयोग. त्या लॅपटॉपमध्ये रॅम अवघी २५६ एमबी आणि साठवायला १ जीबी, आणि आतली सिस्टीम लिनक्सच. जगभर असे लाखो लॅपटॉप वाटल्यावर प्रश्न आलाच, की नवी सिस्टीम सगळ्यांत कशी भरायची? तेव्हा त्यांच्या एका अभियंत्यानं ‘नँडब्लास्टर’ नावाची युक्ती काढली. एक लॅपटॉप वायरशिवाय सिस्टीम प्रसारित करतो आणि आजूबाजूचे सगळे ती एकदम टिपून घेतात. केबलही नको. आपल्या आकाशवाणीसारखं, एक बोलतो आणि कितीही जण ऐकतात.

पहिल्या दिवशी अकराही मशीन ओळीत सुरू झाले. सगळ्यांवर तोच निळा पडदा, तीच टक्केवारी सरकतेय. मुलं बाकांवर उभी राहून मोठ्यानं म्हणत होती, ‘एकावन्न, बावन्न...’ साठच्या पुढं गेलं आणि लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच, पण ऐकणारे सगळे बंद. अर्धवट लिहिलेल्या नकलेचा उपयोग नसतो, पुन्हा पहिल्यापासून. मुलं लाईटला सरावलेली आहेत. कुणी नाराज झालं नाही, दप्तरं काढून कविता घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरू केलं. लाईट होती, पण काम रखडत होतं. दोन मिनिटं झाली तरी टक्का हलेना. मल्टिकास्टचा हा स्वभाव आहे. प्रत्येक टप्प्यावर सगळ्यांनी ‘मिळालं’ म्हणायचं, तेव्हाच सर्व्हर पुढं बोलतो. म्हणजे सगळ्या वर्गाचा वेग सर्वांत सावकाश लिहिणाऱ्याएवढा. आमच्यातल्या एका मशीनची हार्डडिस्क खंगलेली होती, आवाजही करत होती. ते मशीन बाजूला काढलं आणि उरलेले दहा अकरा मिनिटांत तयार झाले.

इथं एक शिक्षक म्हणून मनात आलं ते लिहिते. माझ्या वर्गात पाचवीची मुलं आहेत, पण वाचनाचे स्तर पहिलीपासून पाचवीपर्यंतचे. घरी कुणी वारली बोलतं, कुणी ठाकरी, कुणी कोकणा. मी फळ्यासमोर उभी राहून एकदाच बोलते आणि सगळ्यांनी टिपलं असं धरते, तेव्हा मीही मल्टिकास्टच करत असते. मशीन बाजूला काढायला मला दोन मिनिटं लागली. त्या बाजूला काढलेल्या मशीनला पुढं नवीन एसएसडी बसवून, एकट्याला वेगळी नक्कल दिली, सावकाश, आणि ते आता सगळ्यांत जलद चालतं. या उदाहरणावर फार ताण देत नाही. पण वर्गात सगळ्यांना एकदम सांगून वाचलेला वेळ कुणाला तरी एकट्याला द्यायला वापरायचा असतो, हे मला त्या दिवशी स्क्रीनवर दिसलं. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेबद्दल आपण सगळ्यांनी ऐकलंय. तिथल्या उपकरणांची चर्चा फार होते, त्यामुळं शिक्षकाचा वेळ कुठं वाचला आणि तो कुणाला मिळाला याची कमी होते.

नक्कल झाल्यावर एक काम राहतं आणि ते विसरू नका. सगळ्या मशीनचं नावही हुबेहूब एकच येतं. हजेरीत एक नाव पुकारलं आणि बारा जण ‘हजर’ म्हणाले तर काय होईल? म्हणून प्रत्येकाला वेगळं नाव द्यावं लागतं. ऑफिसात पीसी-एक, पीसी-दोन असं देतात. आम्ही मुलांना विचारलं. यादी अशी झाली. वैतरणा, गारगाई, पिंजाळ, वाघ या नद्या. सूर्यमाळ, देवबांध ही ठिकाणं. नागली, वरई, खुरासणी ही पिकं. तारपा, बोहाडा. आणि बारावं मोह. वाघ नावाच्या मशीनवर बसायला भांडणं होतात, ती नदी आहे हे सांगूनही.

नेटवर्कवरचं नाव रोमन लिपीतच द्यावं लागतं. तिथं पिंजाळचा ळ आणि सूर्यमाळचा ळ दोन्ही गळाले, साधा ल झाला. मुलांना ते पटलं नाही. “बाई, ळ कुठं गेला?” मग मशीन सुरू करून इनस्क्रिप्टवर ‘खोडाळा’ लिहायला शिकवलं. एनची कळ शिफ्ट धरून दाबली की ळ येतो. त्या दिवशी सगळ्यांनी ज्यात ळ आहे असे शब्द शोधून लिहिले. आभाळ, कोळसा, जांभूळ, फळा, शाळा. भाषेचा तास ठरवला नव्हता, पण झाला.

सकाळी मशीन सुरू करायचीही एक युक्ती आहे, वेक-ऑन-लॅन. लॅपटॉपवरून एक संदेश सोडायचा. त्यात आधी ठरावीक सहा बाइट आणि मग त्या मशीनचा मॅक ॲड्रेस सलग सोळा वेळा. झोपलेल्या मशीनचं नेटवर्क कार्ड तेवढंच ऐकत पडलेलं असतं, आणि सोळा वेळा आपलं नाव ऐकलं की मशीन उठतं. मुलं म्हणाली, आमची आयसुद्धा सोळा हाका मारते. आमच्या बारापैकी आठ मशीन यानं उठतात, चार उठत नाहीत. त्यांना हातानंच बटण.

या सगळ्याचा फायदा पंधरा दिवसांत दिसला. विजेच्या झटक्यानं बोहाडाची सिस्टीम खराब झाली. कुणाला फोन केला नाही. सहावीच्या दोन मुलींनी केबल लावली, एफ १२ दाबलं, मी लॅपटॉपवर नक्कल सोडली, आणि दुपारच्या भाताआधी मशीन पूर्ववत झालं. मुलांचं काम मशीनवर ठेवतच नाही, दर शनिवारी प्रत्येकाचा फोल्डर लॅपटॉपवर उतरवून घेते, त्यामुळं काही गेलं नाही. नकलेच्या दोन प्रती आहेत, एक ऑफिसच्या कपाटात आणि एक माझ्या खोलीवर.

पालक सभेत एका बापानं सरळ विचारलं, वीटभट्टीवर काँप्युटर असतो का, मग पोराला याचं काय? प्रश्न रागानं नव्हता. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे ठरते आणि पावसाळ्यात घेतलेली उचल त्यातून कापली जाते. हिशोब मालकाच्या वहीत असतो. मी त्याच्या मुलाला ‘गारगाई’वर बसवलं. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये त्यानं रकाने केले. तारीख, विटा, एकूण विटा, दर, मजुरी, उचलीतून वजा, बाकी. बाप मागं उभा राहून बघत होता. आकडे त्यानं सांगितले, मुलानं भरले, आणि शेवटचा रकाना आपोआप बदलताना पाहून तो खाली वाकला. आमच्याकडं प्रिंटर नाही. त्यानं मुलाकडून वहीचं पान मागून घेतलं, पट्टीनं तेच रकाने आखले आणि पान घडी करून खिशात घातलं. दिवाळीनंतर ते कुटुंब भिवंडीकडं गेलं. मुलाचा फोल्डर लॅपटॉपवर आहे.

केरळात काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स तयार करते आणि ती बसवून देण्यासाठी शिबिरं भरवलेली आहेत, लोक आपापले संगणक घेऊन येतात. आपल्याकडं तालुक्याच्या शिक्षण परिषदेत एक तास यासाठी ठेवला तरी पुरे. लागतं काय, तर एक लॅपटॉप, एक स्विच, एक पेनड्राइव्ह, एक बाहेरची हार्डडिस्क आणि केबल. एक सूचना. नक्कल साधारण सारख्याच मशीनवर चांगली बसते, आणि ज्या हार्डडिस्कवर उतरवायची ती मूळ मशीनच्या डिस्कपेक्षा लहान असेल तर अडते. म्हणून मूळ मशीन निवडताना सर्वांत लहान डिस्क असलेलं घ्या. आणि उतरवण्याआधी त्या डिस्कवर कुणाची माहिती नाही ना, हे दोनदा बघा. ही पद्धत न विचारता सगळं पुसते.

पुढच्या आठवड्यात आमचा स्विच केंद्रातल्या दुसऱ्या शाळेत न्यायचा आहे. त्यांच्याकडं सहा मशीन पडून आहेत, आमच्यासारखेच पुसलेले. रिले आणि त्या दोन मुली बरोबर येणार आहेत. तिथं लाईट सकाळी सातला येते आणि साडेदहाला जाते असं तिथले सर सांगतात, म्हणून आम्ही पहाटेच निघू. केबल मात्र दोन कमी पडतायत, कुणाकडं जास्तीची असेल तर कळवा.